आखाजीचा मुऱ्हाळी

आमच्या घराण्यात किल्ला पाडलेला माणूस मी एकटाच.

तसा तो किल्ला तापीमाई माझ्या जन्माच्या आधीपासून पाडत होती. पण ती बिचारी दर पावसाळ्यात थोडा थोडा पाडायची. मी एका दिवसात, भर सकाळी, आईबापांच्या डोळ्यांदेखत पाडला. त्याची ही हकीकत. हसायला हरकत नाही. आमच्या घरातही पुढे पुष्कळ हसले. फक्त प्रत्येकाचं हसणं मध्येच कुठेतरी थांबायचं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि मराठी शाळेत मास्तर होऊन दोन वर्षं झाली होती. माझं नाव उखा. शिकल्यासवरल्या मास्तराला हे नाव शोभत नाही, हे मला माहीत होतं, म्हणून मी सही करताना उखाजी असं लिहायचो. (त्यानं काही फरक पडला नाही. पोरं मागे 'उखामास्तर'च म्हणायची.) नावामागचं कारण असं की मी चाळीस दिवसांचा असताना माझी थोरली बहीण सोनी मानमोडीच्या तापात, म्हणजे त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, गेली. ती चार वर्षांची होती. मग लोकांनी आबांना सांगितलं की हा तरी जगायला हवा असेल तर याला उकिरड्यावर लोळवा आणि नाव उखा ठेवा. यमाला वाटेल, हा केरच आहे. यमानं विश्वास ठेवला. मी मोठा झाल्यावर इतरांनीही ठेवला.

सोनीबद्दल मला एवढंच ठाऊक होतं. घरात तिचं नाव कोणी घेत नसे.

आमचं जुनं गाव तापीच्या काठावर होतं. काठ म्हणजे सरळ तुटलेली पिवळ्या मातीची दरड, पाच-सहा पुरुष उंच, आणि त्या दरडीवरच्या टेकाडावर तो किल्ला. लोक म्हणायचे, गवळीराजानं बांधला. हातभर लांबीच्या विटा, मातीचे बुरूज, आणि जिथे कुदळ मारावी तिथे खापरं. मी लहान असतानाच नदीनं आमचं शेत खाल्लं, मग घराच्या मागची भिंत खाल्ली, आणि आबा शहाण्या माणसासारखे पुढची भिंत शिल्लक असताना धानोऱ्याला निघून आले.

एका चैत्रात जुन्या गावचा एक पाहुणा आमच्याकडे जेवायला थांबला. जेवता जेवता तो सहज म्हणाला, "उगवतीना बुरूज गया आबा. मागला पुरमा. आते बुडतीना तेवढा उभा शे. येत्या पावसायामा तोबी जाई."

चुलीपाशी माय भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. आम्ही वाट पाहिली, पण तव्यावरची भाकरी जळायला लागली तरी ती हलली नाही. पाहुणा गेल्यावर ती बाहेर आली आणि आबांना म्हणाली,

"सोनी तठे शे."

आबा म्हणाले, "व्हती. आते बावीस वरीस झायात. आते काय शे तठे?"

"दहा दिनवर आखाजी शे," माय म्हणाली. "गावन्या सगळ्या आंडेरी घर येतस. मन्ही एकबी आखाजीले घर ऊनी नही. नदी तिले लई जाई, तेना पहिले मी तिले लई येस. मूठभर मातीच लई येस."

आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. लेकीला आणायला भाऊ जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. सोनी असती तर सव्वीस वर्षांची असती, दोन-तीन पोरांची आई असती, आणि दर वर्षी मीच तिला आणायला गेलो असतो. हे गणित माय इतकी वर्षं मनात करत होती, आणि शाळेत गणित शिकवणाऱ्या मला ते एकदाही सुचलं नव्हतं.

मला एकदम भरून आलं. भरून आलं की मी शुद्ध बोलतो. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "माय, तू मुळीच चिंता करू नकोस. भाऊ या नात्यानं हे माझं कर्तव्य आहे. मी सर्व व्यवस्था करतो."

आबा मायकडे बघून म्हणाले, "हाऊ व्यवस्था करस म्हने. मंग झायंच."

व्यवस्था मी चोख केली. शाळेतून चार दिवसांची रजा घेतली. एक पहार घेतली, एक खुरपं घेतलं, एक दोर घेतला. दोर कशाला, असं आबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, असावा. (पुढे तो बैलांना बांधण्यापलीकडे कशाच्याही उपयोगी पडला नाही, कारण मी ज्या वेगानं खाली गेलो त्या वेगाला दोर लागत नाही.) मायनं फक्त एक नवं बोळकं घेतलं आणि ते पदरात गुंडाळून मांडीवर धरलं. वाटेत एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उन्हं तापायच्या आत पोचायचं, असं ठरलं.

गाडीत मी बोलत होतो. खरं म्हणजे मी दोन्ही दिवस बोलत होतो. गवळीराजा खरंच होऊन गेला का, विटा किती जुन्या असाव्यात, नद्या वळणावर बाहेरचाच काठ का कापतात, हे सगळं मी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं होतं आणि ते ऐकायला गाडीतून उडी मारू न शकणारी दोन माणसं मला प्रथमच मिळाली होती. माय समोर बघत बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गाडी हाकता हाकता म्हणाले, "उखा, बैलबी कान झटकी ऱ्हायनात. जरासा दम खा."

मी दम खाल्ला. तेवढ्यात टेकाड दिसलं.

मला आठवणारा किल्ला आणि समोरचा किल्ला यांत निम्म्यानिम्म्याचा फरक होता. उगवतीकडची बाजू कोणीतरी भाकरीचा घास तोडावा तशी तोडून नेली होती. गाव तर नव्हतंच. मारुतीचा पार होता तिथे आता नुसतं आकाश होतं आणि खाली, खूप खाली, उन्हाळ्यातली बारीक तापी. बुडतीकडचा बुरूज मात्र उभा होता, त्याच्या दाराच्या दगडी चौकटीसकट. आजूबाजूच्या वस्त्यांतली लहान पोरं या दोन्ही बुरुजांच्या अंगाला पुरत. कारण एवढंच की टेकाड उंच. पुराचं पाणी तिथवर कधीच येणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती.

माय खाली उतरली आणि उभी राहिली. ती इथे कधीच आली नव्हती. सोनी गेली तेव्हा मायला स्वतःलाच ताप होता, शुद्ध नव्हती. दोन दिवसांनी डोळे उघडल्यावर तिनं पहिल्यांदा मी जिवंत आहे का ते चाचपून पाहिलं आणि मग विचारलं, सोनी कुठे आहे. हे मला त्या दिवशी टेकाडावर कळलं.

"कोठे?" ती आबांना म्हणाली.

आबा बुरुजाच्या चौकटीपाशी गेले. चौकटीला पाठ लावून नदीकडे तोंड करून उभे राहिले. "आठेथीन बारा पावलं," ते म्हणाले. "मी मोजी ठेयेल व्हतात."

"माले कधी सांगं नही."

"तू इचारं नही."

"मी कशी इचारू?" माय म्हणाली. "जीभच उचलाये नही."

आबा चालू लागले. एक, दोन, तीन. ते मोठ्यानं मोजत होते. मी मागून चाललो होतो. अकराव्या पावलाला माझ्या लक्षात आलं की पुढे फारशी जमीन उरलेली नाही. बारावं पाऊल टाकून आबा थांबले तेव्हा त्यांच्या पुढे दोन-अडीच हात माती होती आणि त्यापुढे काहीच नव्हतं.

"आठे," ते म्हणाले.

माय जागच्या जागी उभी राहून ते पाहत होती. ती म्हणाली, "तवय तुम्ही जवान व्हतात. तवय तुमनं पाऊल मोठं व्हतं."

खरंच होतं ते. आबांनी मान हलवली, पुन्हा चौकटीपाशी गेले आणि या वेळी मोठ्या ढांगा टाकत निघाले. आठव्या ढांगेलाच मी धावत जाऊन त्यांना कमरेला मिठी मारून थांबवलं, नाहीतर तरुणपणीच्या हिशेबानं ते थेट तापीतच उतरले असते. आम्ही दोघं एकमेकांना धरून काठाशी उभे राहिलो. लांबून कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, बापलेक कुस्ती खेळतायत.

आबांना धाप लागली होती. त्यांनी माझे हात सोडवले. मग म्हणाले, "नही. पहिलंच बराबर शे. मी येतांना मोजेल व्हतात. जातांना नही. येतांना पाय उचलाये नहीत. लहानलहानच पावलं पडनीत."

यावर कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही, यावरून काय ते समजावं.

माय पुढे आली आणि बाराव्या पावलाच्या जागेपाशी खाली बसली. तिनं तिथली माती तळहातानं सारवल्यासारखी एकसारखी केली. गाडीत इतका वेळ धरलेलं बोळकं बाजूला ठेवलं. मग ती हातानं माती उकरायला लागली. पण माती उन्हानं दगडासारखी झाली होती. तिच्या बोटांतून नुसती धूळ निघत होती.

इथे मी पुढे झालो. इथपर्यंत घडलेलं सगळं तापीचं. इथून पुढचं माझं.

"माय, तू बाजूला हो," मी म्हणालो. "हे भावाचं काम आहे."

तिच्या आणि कडेच्या मधे जी दोन-अडीच हात जागा होती तिथे मी पहार घेऊन उभा राहिलो. नदीकडे पाठ. म्हणजे मायला उडणारी माती लागणार नाही, असा माझा विचार. मी पहिला घाव घातला. ठण्ण आवाज झाला. दुसरा घातला. पायांखाली काहीतरी खसखसलं.

आबा म्हणाले, "उखा, इकडे ये. ती भेग देख."

मी भेग पाहिली. माझ्या आणि मायच्या बरोबर मधून एक बारीक रेघ गेली होती. त्या क्षणी शहाण्या माणसानं उडी मारली असती. पण मला ती भेग का पडते हे माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट सांगितल्यावाचून माझ्यानं कधी राहवलेलं नाही.

"आबा, ही भेग उन्हाची आहे," मी पहारीवर रेलून म्हणालो. "उष्णतेनं जमिनीतला ओलावा निघून जातो आणि माती आकसते. हिला भिण्याचं कारण नाही. ही दरड इतकी शतकं उभी आहे. अजून पन्नास वर्षं तरी हिला काही..."

'होत नाही' हे शब्द मी हवेत म्हणालो.

पडताना मी काय पाहिलं ते मला पक्कं आठवतं. आबांनी मायला दंडाला धरून मागे ओढलेलं, मायचे दोन्ही हात पुढे, आणि ते हात माझ्याकडे होते की मातीकडे, हे मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. मग सगळं पिवळं झालं. दरडीचा तो पूर्ण तुकडा, मी, पहार, आणि बाराव्या पावलाखाली जे काही होतं ते, सगळे मिळून खाली गेलो. आबा मायला घेऊन मागच्या उतारावर पोचले न पोचले तोच माझ्यामागून चौकट गेली आणि चौकटीमागून बुरुजाचा निम्मा पोटभाग.

वाचलो कसा? उन्हाळ्यात तापीच्या पात्रात टरबुजांच्या वाड्या लावतात. दरडीच्या पायाशी मऊ रेती होती आणि रेतीत वेल होते. मी घसरत, गडगडत एका वेलावर येऊन थांबलो. अंगाखाली काहीतरी ओलं लागलं. मला वाटलं, रक्त. मी डोळे मिटून घेतले. रक्त फार गोड निघालं.

"कोन शे रे तू?"

डोळे उघडले तर एक म्हातारी काठी उगारून उभी. वाडी तिची. नाव केसरबाई, हे नंतर कळलं.

"मी शिक्षक आहे," मी म्हणालो. त्या वेळी मला दुसरं काही सुचेना.

"शिक्षक शे त मन्ह्या टरबूजवर कसाले पडनास?"

प्रश्न बिनतोड होता. मी उत्तर द्यायला उठू लागलो आणि उजव्या पायातून अशी कळ गेली की दोन वर्षांची मास्तरकी एका क्षणात निघून गेली. "ओ माय वं," मी ओरडलो, "मन्हा पाय. मन्हा पाय मोडना वं."

"आते माणूससारखा बोलना," म्हातारी म्हणाली आणि काठी खाली केली. "वर काय करी ऱ्हायना व्हता?"

"माती काढी ऱ्हायनू व्हतू. बहीणनी."

"बहीणनी?"

"मानमोडीमा गयी. चार वरीसनी व्हती. बुरूजजोडे पुरेल व्हती. माय वर शे."

केसरबाईनं काठी रेतीत रोवली. वर पाहिलं, मग माझ्या आजूबाजूला पसरलेल्या त्या ढिगाऱ्याकडे पाहिलं. मग तिनं एक पाऊल मागे घेतलं, ओसरीवर कोणी निजलेलं असावं तसं. "मंग हालू नको," ती म्हणाली. "तुन्ही माय येवापावत काही हालाडू नको."

वरून खाली यायला गाडीवाटेनं मोठा वळसा होता. तोवर मी त्या ढिगाऱ्यात पडून होतो आणि मला प्रथमच कळत होतं की मी काय केलं आहे. मायनं बावीस वर्षं मागितली नाही अशी एक गोष्ट मागितली होती. मूठभर माती. ती जागा येत्या पावसाळ्यापर्यंत, कोण जाणे, कदाचित त्याच्या पुढच्या पावसाळ्यापर्यंतही राहिली असती. मी तिला पन्नास वर्षांची हमी देता देता पाडली होती. केसरबाईनं फुटलेल्या टरबुजाची एक फोड माझ्या हातात दिली. "फुटेलच शे. खाई ले," ती म्हणाली. मी रडत होतो आणि टरबूज खात होतो. तहान लागलेली होती, त्याला माझा इलाज नव्हता.

माय आली ती धावत आली. आधी तिनं माझं डोकं चाचपलं, मग छाती, मग पाय. मी जिवंत आहे याची खात्री झाल्यावर ती माझ्याकडे पाठ करून ढिगाऱ्यापाशी बसली.

"माय, मन्ही चूक झायी," मी म्हणालो.

ती मातीचं एकेक ढेकूळ हातात घेऊन फोडत होती. बोटांनी चाळत होती. विटांचे तुकडे निघाले, खापरं निघाली (गवळीराजाच्या वेळची असतील, मला त्यांच्याकडे बघवेना), लिंबाची मुळं निघाली. सोनीचं काही निघालं नाही. मणी नाही, केस नाही, काही नाही. आबा लांब उभे राहून पागोट्याच्या टोकानं तोंड पुसत होते.

"यामा ती कोठे शे?" माय शेवटी म्हणाली. कोणाला विचारत होती कोण जाणे.

केसरबाई तिच्याजवळ बसली. "मन्हाबी दोन पोरं वर व्हतात," ती म्हणाली. "तीच मानमोडी. एकच आठवडामा दोन्ही. उगवतीना बुरूजजोडे. मागला पुरमा गयात. तठली माती खाले आठेच उतरनी, म्हनीसन औंदा मी वाडी आठे लाई. लोक सांगतस, तिकडली रेती चांगली शे. मी कोठे जाऊ?"

मायनं हातातलं ढेकूळ खाली ठेवलं.

"इतल्या मातीमा कोठेतरी व्हईच ना वं बाई," केसरबाई म्हणाली. "इकडली थोडी ले, तिकडली थोडी ले. सगळी तिन्हीच शे."

बोळकं तर वर बाराव्या पावलापाशीच ठेवलेलं होतं, म्हणजे तेही माझ्याबरोबर खाली येऊन फुटलं होतं. केसरबाईनं आपल्या झोपडीतून पाणी प्यायचा तांब्या आणला, रिकामा केला आणि मायच्या पुढे ठेवला. दोघी मिळून त्यात माती भरू लागल्या. इकडची थोडी, तिकडची थोडी. भरता भरता माय थबकली.

"मूठभर सांगेल व्हती ना मी," ती म्हणाली.

तेव्हा आबा लांबूनच म्हणाले, "तू मूठभर सांगेल व्हती. तुन्हा आंडोरनी दरडच लई आनी."

आणि माय हसली. हसताना तिच्या तोंडावर पदर आला, आणि मग पदराआडून जो आवाज येऊ लागला तो हसण्याचा नव्हता. केसरबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. बावीस वर्षं रडायचं राहिलेलं होतं, त्याला थोडा वेळ लागणारच.

माझा पाय केसरबाईनंच बांधला. झोपडीच्या कुडातल्या दोन बांबूच्या कामट्या काढल्या, लुगड्याची पट्टी फाडली आणि वासराचा पाय बांधावा तसा बांधला. वाड्यांवरच्या चार माणसांनी मला खाटेवर घालून गाडीपर्यंत नेलं. निघताना माय तिला म्हणाली, "तुले आखाजीले कोन बलावस?"

"मन्हं कोन शे आते," केसरबाई म्हणाली. "वाडी राखनी पडस."

परतीच्या वाटेवर मी गाडीत आडवा होतो आणि तोंडातून शब्द काढायची माझी हिंमत नव्हती. पण माय बोलत होती. तांब्या मांडीवर, वर पदराची सावली धरलेली, आणि ती सोनीबद्दल बोलत होती. सोनी कशी पायरीवर बसून राहायची, आबा शेतातून आले की कशी बैलांच्याच गळ्यात पडायची, मी जन्मलो तेव्हा मला बघून कशी म्हणाली होती, "हाऊ त उंदीर शे." आणि ती माती खायची. भिंतीची, चुलीची, कुठलीही.

"मी हात झाडू तिना," माय म्हणाली. "एक दिन चापट मारी. 'माती नको खाऊ' म्हने मी तिले."

गाडीच्या चाकांचा आवाज येत राहिला. आबांनी मागे वळून पाहिलं नाही.

आखाजीला मी अंगणात खाटेवर पडून होतो. सणाला माहेरी आलेल्या गावच्या लेकी एकेक करून झोक्यासाठी आमच्या लिंबाखाली जमल्या. मायनं सकाळीच त्या लिंबाच्या बुडाशी आळं करून तांब्यातली माती ओतली होती, वर पाणी घातलं होतं आणि पुरणपोळीचा घास ठेवला होता. कोणाला काही सांगितलं नव्हतं. पोरींनी माझा पाय पाहिला आणि तोंडाला पदर लावून हसल्या. त्यातली एक म्हणाली, "मास्तर, कोठे पडनात?"

मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, "बहीणले लेवाले गया व्हता."

पोरी आणखी हसल्या. मास्तरांना बहीण कुठली, असं त्यांच्या डोळ्यांत दिसलं. मग आमच्या जुन्या गावच्या एका थोरल्या बाईला आठवलं असावं. तिनं शेजारणीच्या कानात सांगितलं, शेजारणीनं पुढचीच्या. हसणं एकेका तोंडावरून उतरत गेलं. झोक्यावर बसलेली पोर खाली उतरली. माय म्हणाली, "झोका का थांबाडा? झोका द्या वं, सण शे." आणि तिनं स्वतः पुढे होऊन दोरीला हात लावला.

त्या पावसाळ्यात तापीला मोठा पूर आला आणि उरलेला बुरूज, टेकाड, सगळं गेलं. म्हणजे मी पाडलं नसतं तरी चार महिन्यांत पडलंच असतं, असं मी मायला एकदा हिशेब करून सांगितलं. ती म्हणाली, "मंग बरं झायं, तू पहिले गया. नदीना हातथीन जावापेक्षा भाऊना हातथीन ऊनी." त्यानंतर मी तो हिशेब कोणाला सांगितला नाही. आखाजीच्या आधी आबा दर वर्षी गाडी जुंपून केसरबाईला आणायला जाऊ लागले. ती दोन दिवस राहायची, मायशी बोलत बसायची आणि माझ्याकडे बघून दरवेळी विचारायची की यंदा हा कुठे पडला नाही ना.

आता माय नाही, आबा नाहीत. माझा पाय वाकडा जुळला, तो तसाच राहिला. नवे लोक विचारतात, गुरुजी, पायाला काय झालं? मी सांगतो, किल्ल्यावरून पडलो. ते आदरानं बघतात आणि मी त्यांना बघू देतो. कारण खरं सांगायचं तर मला आधी हे सांगावं लागेल, की मला एक बहीण होती. ते वाक्य मला अजून सरळ म्हणता येत नाही. सरळ चालायचं तर विचारूच नका.